विहिरीकडची खोली

हाफिजाअम्मा भावनाला पहिल्यांदा भेटली तेव्हा ती स्वतःच्याच घराबाहेर, विहिरीच्या कट्ट्यावर बसली होती. आत यायला तयार नव्हती. आईचे गुडघे गेलेत, असं तिचा मुलगा सादिक सांगत होता. अम्मानं हात हलवून त्याला गप्प केलं.

"गुडघे आत्ता गेले. तू हिला आतून फिरवून आण. मग मी सांगते काय सांगायचं ते."

ती हिंदीत बोलत होती, आणि ते हिंदी ऐकून भावनाला बरं वाटलं. अरबी गळ्यातून आलेलं, केरळच्या नर्सेसकडून उचललेलं हिंदी. अम्मानं उमेदीची सगळी वर्षं सलालाच्या सरकारी दवाखान्यात आया म्हणून काढली होती. म्हणूनच ती अम्मा. तिथल्या पोरींनी ठेवलेलं नाव तिला आयुष्यभर चिकटलं.

२०१७ सालचा हिवाळा होता. सलाला म्हणजे ओमानचं दक्षिण टोक. मस्कतहून निघालं की दिवसभर नुसतं वाळवंट, आणि मग एकदम नारळाच्या आणि केळीच्या बागा. दहारीजच्या बाजूला, समुद्रापासून थोडं आत, सादिकच्या आईची ही बाग होती आणि बागेच्या मधोमध हे जुनं घर. सादिक बंदराच्या ऑफिसात होता. भावनाचा नवरा धम्मदीप त्याच बंदरात इंजिनिअर. कॅन्टीनमध्ये बोलता बोलता सादिकला कळलं, की याची बायको जुन्या इमारतींची आर्किटेक्ट आहे आणि लग्नानंतर इथे येऊन लोकांच्या व्हिलांची किचन आखत बसली आहे. "आमचं एक घर आहे," तो म्हणाला. "बघता का?"

भावनानं घर बघितलं, आणि तासाभरानं ती बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत जळमटं होती आणि चेहरा उजळलेला होता.

दोन मजली घर. भिंती चुनखडीच्या दगडांच्या, चिखलात रचलेल्या, हातभर जाड. खाली गुरं, चारा, नारळ आणि वाळवलेली तारली मासळी ठेवायची जागा. इकडे गुरांना चाऱ्याबरोबर तारली घालतात. मधून अरुंद, खडा जिना. वर तीन खोल्या, आणि त्यातली समुद्राकडची सगळ्यात मोठी, मजलिस, पाहुण्यांना बसवायची. तिच्या खिडकीला कोरीव लाकडी झडपा होत्या. निम्म्या तुटल्या होत्या, पण ज्या होत्या त्यांतून दुपारचं ऊन जमिनीवर असं सांडत होतं, की भावना मोजमाप विसरून तशीच उभी राहिली. छताला काही नारळाची खोडं होती, काही सागवानी वासे. सागवान इथे कुठून येणार? गलबतातून आलं असणार, आपल्या किनाऱ्यावरून.

दुखणंही तिला लगेच कळलं. कुणीतरी या चिखल-चुन्याच्या घराला बाहेरून जाड सिमेंटचं प्लास्टर फासलं होतं. भिंतीला श्वास घेता येत नव्हता. ओल आत कोंडली होती, मीठ फुटत होतं, दगडामधला चिखल आतल्या आत पीठ होत होता.

"हे वडिलांनी केलं," सादिक म्हणाला. "पक्कं घर व्हावं म्हणून."

बाहेर विहिरीला लागून एक बुटकी खोली होती. दार इतकं खाली की वाकूनच आत जावं लागे. खिडकी नाही, वर छताजवळ वीटभर भोक. भावनानं वाकून आत डोकावलं.

"स्टोअर आहे," सादिक मागून म्हणाला. "ते पाडायचंय. तिथे पार्किंग होईल."

कट्ट्यावरची अम्मा अरबीत काहीतरी म्हणाली. सादिकनं मान खाली घातली. मग ती भावनाकडे वळून हिंदीत म्हणाली, "मी त्यात जन्मले."

सादिक गाडीकडे निघून गेला. अम्मानं भावनाला जवळ बसवून घेतलं आणि सांगितलं. बाग एका मोठ्या शेखची होती. तिची आई त्या घरची. नोकर नव्हे. अम्मानं अरबी शब्द वापरला आणि मग, भावनाला कळावं म्हणून, "गुलाम" म्हणाली. आई उंटाच्या मागे मोट हाकायची, पहाटेपासून. हाफिजा त्या खोलीत जन्मली, तिथेच वाढली. वरच्या मजल्यावर ती जायची ती कॉफीची भांडी घेऊन, आणि भांडी ठेवून खाली यायची. सत्तर साली कायद्यानं गुलामगिरी गेली तेव्हा ती सतरा-अठराची होती. पुढे तिचं लग्न झालं, तेही तसल्याच एका घरातून सुटलेल्या माणसाशी. तो बंदरात हमाली करता करता क्रेनवर चढला. शेखची मुलं मस्कतला राहायला गेली, बाग विकायला काढली, आणि या माणसानं ती घेतली.

"त्यानं मला विचारलं नाही," अम्मा म्हणाली. "कागद आणून हातात ठेवला. म्हणाला, आता तू वर राहायचं. मग सिमेंट केलं. ओल वाढली. वरच्या खोलीत श्वास लागायचा. आम्ही बागेबाहेर ब्लॉकचं घर बांधून राहिलो. तो गेला. इतकी वर्षं घर माझं आहे, पण त्या खिडकीत मी एक रात्र झोपले नाही."

मग ती म्हणाली, "मला तिथे राहायचंय. थोडेच दिवस. किडनी संपल्यात माझ्या. आणि ही खोली पाडायची नाही. सादिकला लाज वाटते. वाटू दे. वरचं घर आणि ही खोली, दोन्ही दिसली पाहिजेत. दोन्ही असतील तरच गोष्ट खरी."

* * *

भावना चांदूरची. तिची आजी गावातल्या देशमुखांच्या शेतावर राबायची, आणि त्यांच्या विहिरीपाशी ओंजळ धरून उभी राहायची, कुणी वरून पाणी ओतेपर्यंत. भावना शिकली, नागपूरला आर्किटेक्ट झाली. अभ्यासासाठी एकदा जुन्या घराची मापं घ्यायला गेली, तेव्हा घरच्या बाईंनी प्रेमानं चहा दिला, आडनाव विचारलं, आणि मग म्हणाल्या, स्वयंपाकघराची आणि देवघराची मापं तुझ्या मैत्रिणीला घेऊ दे. भावनानं टेप मैत्रिणीच्या हातात दिली होती. जुन्या घरांवर तिचं प्रेम होतं, आणि प्रत्येक जुन्या घराच्या उंबऱ्यावर ती कुणी आत बोलवेपर्यंत थांबायची. दहारीजच्या घरात ती पहिल्यांदाच थांबली नाही. घराच्या मालकिणीनं तिला सगळ्या दारांच्या किल्ल्या दिल्या होत्या.

अम्मा मस्कतमध्ये बौशरला मुलीकडे गेली. तिथे दवाखाना जवळ होता, आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू होतं. पण तिचा फोन यायचा, बहुतेक दुपारच्या नमाजानंतर. कामाचं विचारायची, आणि भावनाला घराबद्दल सांगायची. जिन्याची तिसरी पायरी निसरडी आहे. मजलिसच्या कोनाड्यात धूप जळायचा, तिथली भिंत काळी असेल, ती तशीच ठेव. एकदा भावनानं तिला आजीचं सांगितलं.

"पाणी?" अम्मानं विचारलं.

"पाणीच."

"माझ्या आईकडून दिवसभर पाणी काढून घ्यायचे. आणि तुझ्या आजीला विहिरीला हात लावू देत नव्हते."

"हो."

"वेगवेगळे वेडे," अम्मा म्हणाली. त्या दिवसापासून ती भावनाला "बेटी" म्हणू लागली.

सुतारकामाला चंद्रहास मिळाला. कुडाळचा माणूस, सोहारच्या औद्योगिक वसाहतीत बरीच वर्षं काढून सलालाला आलेला, आणि आल्यापासून नारळाची झाडं बघून खूश. वासे तपासताना त्यानं एकावर नख ओढलं, वास घेतला आणि म्हणाला, "म्याडम, ह्यो वासो आपल्याकडचोच आसा. माझ्या आधी पोचलो हय." झडपांचं कोरीवकाम त्यानं जुन्या तुकड्यांवरून नवं घडवलं. हात सावकाश, तोंड चालू. गड्यांवर "यल्ला, यल्ला" ओरडायचा आणि स्वतः मात्र एकेका पाकळीवर अर्धा दिवस घालवायचा.

सिमेंट केव्हा काढायचं, हा प्रश्न होता. जूनच्या शेवटी सलालाला खरीफ सुरू होतो. आपल्याकडे ते पिकांचं नाव, इथे ऋतूचं. दोन-तीन महिने धुकं आणि बुरबुर.

"खरीफ जाऊ दे," धम्मदीप म्हणाला. "सप्टेंबरनंतर काढ. चुना वाळायला वेळ घेतो, तुला माहीतच आहे."

"सप्टेंबरपर्यंत अम्मा थांबेल का?"

भावनानं हिशेब मांडला. हिवाळ्यात सिमेंट उतरवायचं, भिंती कोरड्या होऊ द्यायच्या, एप्रिल-मेमध्ये चुन्याचे थर. बुरबुर सुरू होईपर्यंत वरचा थर घट्ट झालेला असेल. खरीफचा पाऊस तरी कसला, अंगावर पडलेला कळतसुद्धा नाही. तिनं अम्माला सांगितलं, ईदला या. २०१८ ची ईद जूनच्या मध्यावर होती.

हिशेबात चूक नव्हती. सिमेंट उतरलं तेव्हा भिंतीतून इतकं मीठ गळालं, की गडी ते घमेल्यांनी भरून बाहेर टाकत होते. महिनाभरात वरच्या मजल्यावरचा कोंदट वास गेला. आतून चुना झाला. मे निम्मा झाला तेव्हा बाहेरून उत्तर आणि पूर्व बाजू पुऱ्या झाल्या होत्या; समुद्राकडची आणि पश्चिमेची, या दोन भिंतींवर पहिला थर चढला होता, आणि तो अजून ओला होता. सादिक रमजानचा उपास सोडून एका संध्याकाळी घर बघायला आला. मजलिसमध्ये उभा राहिला. चंद्रहासनं त्याच दिवशी झडपा बसवल्या होत्या.

"मी इथे कधी खेळलो नाही," तो म्हणाला. "वडील म्हणायचे, ते घर पाहुण्यांसाठी आहे. आमच्याकडे पाहुणे कधी आले नाहीत."

जाताना विहिरीकडच्या खोलीपाशी तो थबकला, पण आत गेला नाही.

* * *

वादळाची बातमी मंगळवारी आली. अरबी समुद्रात काहीतरी तयार झालंय, येमेनकडे जाईल, असं आधी म्हणत होते. बुधवारी म्हणाले, सलाला. शाळा बंद झाल्या, किनाऱ्यावरच्या लोकांना हलवायला सुरुवात झाली. भावना आणि चंद्रहास गडी घेऊन बागेत गेले. ओल्या भिंतींवर ताडपत्र्या बांधल्या, दोर आवळले, वाळूच्या गोणी रचल्या. झडपा काढून नेऊ का, असं चंद्रहासनं विचारलं. भावना नको म्हणाली. झडपा काढल्या तर खिडकी उघडी पडेल, पाऊस सरळ आत येईल.

शुक्रवारी वारा सुटला. धम्मदीप बंदरातून कसाबसा घरी पोचला होता. चंद्रहासला त्यांनी आपल्याच फ्लॅटवर आणलं. तिघं दिवाणखान्यात बसून होते. काचा थरथरत होत्या, दिवे गेले. पाऊस पडत नव्हता, कुणीतरी आडवा फेकत होतं. चंद्रहास एकदा म्हणाला, "आमच्याकडे असो पडता. पण तिकडे जमिनीक तो ठावक असता." भावना ताडपत्रीच्या दोरांचा विचार करत होती. कोणती गाठ कुणी मारली, ते एकेक करून आठवत होती.

बागेपर्यंत जायला रस्ता रविवारी मोकळा झाला. डोंगराकडून ओढ्याचं पाणी आलं होतं, समुद्राकडून समुद्राचं. नारळ आडवे पडले होते, केळी तर जमिनीशी एक झाल्या होत्या. गाडी लांब ठेवून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते चिखलातून चालत गेले.

पश्चिमेची भिंत नव्हती. पडली होती असंही म्हणता येत नव्हतं, विरघळली होती. दगडांचा एक उतरता ढीग आणि त्यावर पांढरट गाळ, तिचा चुना. ती भिंत गेल्यावर छत बसलं होतं, छतानं मजलिसची जमीन खाली ओढली होती, आणि समुद्राकडची आणि पूर्वेची अशा दोन्ही भिंती त्या भारानं बाहेर कोसळल्या होत्या. खिडकीची चौकट ढिगाऱ्यात उलटी रुतलेली होती. उत्तर बाजूची भिंत तेवढी उभी होती, एकटी, आणि तिच्यावरही वरपासून खालपर्यंत तडा.

भावनानं ढिगाऱ्यातला एक दगड उचलला, बाजूला ठेवला. मग दुसरा. चंद्रहास थोडा वेळ बघत राहिला, मग पुढे होऊन तिच्या हातातला दगड त्यानं काढून घेतला.

"म्याडम. ऱ्हवांदे."

"मी सांगितलं होतं" हे तीन शब्द धम्मदीपनं तेव्हाही आणि पुढेही कधी तोंडातून काढले नाहीत, आणि म्हणून ते भावनाला रोज ऐकू येत. सिमेंट तसंच ठेवलं असतं तर घर आणखी काही वर्षं आजारी का होईना, उभं राहिलं असतं. हे तिला इतकं स्पष्ट माहीत होतं, की ते कुणी सांगायची गरज नव्हती.

विहिरीकडची खोली तशीच होती. बुटकी, उंचवट्यावरची, कुणी हात न लावलेली. दारातून थोडं पाणी आत शिरलं होतं, इतकंच.

सादिक आला तेव्हा तिनं बोलायला तोंड उघडलं, पण त्यानं हात वर केला. तो ढिगाऱ्याभोवती एक चक्कर मारून आला. त्याचे डोळे कोरडे होते.

"आईला सांगायचं नाही," तो म्हणाला. "बहिणीला मी सांगितलंय. टीव्ही बंद ठेवतील. ती विचारेल तुम्हालाच. तुम्ही सांगा, घर चांगलं आहे."

"सादिक, मी..."

"प्लीज. तेवढं कराच."

* * *

भावनानं ते केलं. अम्माचा फोन आला, वादळ कसं झालं, घर कसं आहे. भावना म्हणाली, थोडं पाणी गळलं, बाकी ठीक. नंतरच्या फोनवर अम्मानं विचारलं, झडपा बसवल्या? बसवल्या. ऊन कसं पडतं? भावनानं सांगितलं. डोळे मिटून, जसं पाहिलं होतं तसं सांगितलं. खोटं बोलायला काही बनवावं लागलं नाही. ऊन आधी कोनाड्यापाशी येतं, मग जमिनीवर उतरतं, पाकळ्या पाकळ्यांचं. पलीकडे अम्माचा श्वास ऐकू यायचा. फोन ठेवल्यावर भावना बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसायची.

ईद आली. सादिकनं आईला सांगितलं, रस्ते खराब आहेत, विमानं भरलेली आहेत. अम्मानं ऐकून घेतलं. ईदनंतर काही दिवसांनी तिचा फोन आला. आवाज खाली गेला होता, पण त्यात एक उत्साह होता.

"बेटी, मी ठरवलंय. सादिकला विचारत नाही आता. माझ्या नातवानं तिकीट बघितलंय. डॉक्टर म्हणतो, मशीन सोडून गेलीस तर आठ-दहा दिवस. मी म्हटलं, पुष्कळ झाले. आठ दिवस त्या खिडकीत. तू फक्त गादी घालून ठेव. उंच नको, जमिनीवरच."

भावना किचनमध्ये उभी होती. गॅसवर भात होता. तिनं गॅस बंद केला.

"अम्मा, येऊ नका."

"का?"

तिला वाटलं, अजूनही काहीतरी सांगता येईल. रंग ओला आहे. गडी सुट्टीवर आहेत. पण ही बाई मशीन सोडून, मरण पदरात घेऊन विमानात बसणार होती, आणि तिला चिखलात नेऊन उभं करणार कोण?

"अम्मा, घर पडलं. वादळात. वरचं सगळं गेलं. झडपा पण. मी खोटं बोलले तुमच्याशी."

पलीकडे दूर कुठेतरी लहान मुलांचा इंग्रजीत भांडण्याचा आवाज.

"सिमेंट काढायला नको होतं," भावना म्हणाली. "माझ्यामुळे गेलं."

अम्मानं ते ऐकलंच नाही बहुतेक. तिनं विचारलं, "आणि विहिरीकडची खोली?"

"ती आहे."

"आहे?"

"आहे, अम्मा. तिला काही झालं नाही."

मग अम्मा हसली. भावनाला आधी ते रडणं वाटलं, पण ते हसणंच होतं, कोरडं, छातीतून आलेलं. संपलं तेव्हा ती अगदी शांतपणे म्हणाली, "ऐक. ती पाडून टाक. सादिकला सांग, मी सांगितलंय. वरचं होतं तोवर तिनं असावं. नुसती तीच उरली, तर लोक म्हणतील, हाफिजाचं घर कोणतं, तर ते. मला ते नको."

"अम्मा, तुम्हीच म्हणाला होतात..."

"म्हणाले होते. आता हे म्हणते. सांगशील ना?"

"सांगेन."

"बेटी," अम्मा म्हणाली, आणि पुढे काहीतरी म्हणणार होती, पण फोन ठेवला गेला.

त्यानंतर तिचा फोन आला नाही. भावनानं केला, तर मुलगी उचलायची आणि झोपलीय म्हणायची. जुलैच्या सुरुवातीला धम्मदीप बंदरातून लवकर घरी आला. दारातच त्यानं चपला काढायच्या आधी सांगितलं.

* * *

सादिक बौशरहून आईला पुरून परतला तो पंधरवड्यानं. खरीफ ऐन भरात होता, डोंगर हिरवे झाले होते, आखातातले पर्यटक धुकं बघायला गाड्या भरभरून येत होते. त्यानं भावनाला बागेत बोलावलं. ती एकटीच गेली. अंगावर पाणी साचत होतं आणि पाऊस दिसत नव्हता.

"तुम्ही तिला सांगितलंत," तो म्हणाला.

"हो."

"त्या दिवसापासून तिनं मशीनवर जायला नकार दिला. बहिणीनं पाय धरले, मी धरले. मी म्हटलं, आई, पुन्हा बांधतो. ती माझ्याकडे बघायची, बस. तिला काय झालं असतं, मॅडम? आणखी थोडे दिवस त्या खिडकीत बसली असती. मनात का होईना, बसली असती."

"ती येणार होती, सादिक. तिकीट काढणार होती."

"मी अडवलं असतं."

"अडवू शकला असतात?"

ओल्या दगडांवर आता गवत उगवलं होतं. उत्तर बाजूची भिंतही मधल्या काळात उतरवून टाकली होती. सादिक विहिरीकडे वळला, आणि भावनानं पहिल्यांदाच पाहिलं, तो वाकून त्या खोलीत गेला. बराच वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या पांढऱ्या पायघोळ दिशदाशाला खांद्यावर माती लागली होती.

"मी हिला लाजत होतो," तो म्हणाला. "आता एवढीच उरली. हिचं छत नीट करून द्या मला. चंद्रहासला सांगा, दार चांगलं करेल. आई इथे जन्मली. मी मुलांना आणून दाखवीन."

अम्माचा निरोप भावनाच्या जिभेवर आला आणि तिनं तो परतवला. तिला ती खोली वाचवायची होती, हे तिचं तिलाच कळलं. दोन हात जागा, चिखलाची भिंत, वीटभर उजेड. तिनं हात लावलेल्या सगळ्यातून हेच उरलं होतं, कारण याला तिनं हात लावला नव्हता. गप्प बसलं असतं तर कुणालाच कळलं नसतं. सादिकच्या चेहऱ्यावर महिन्यांनंतर काहीतरी कोवळं आलं होतं. एकदा खरं बोलून तिनं काय मिळवलं होतं?

"तिनं मला निरोप दिला होता तुमच्यासाठी," ती म्हणाली.

तिनं सांगितला. शब्दाला शब्द. सादिकनं पुन्हा सांगायला लावला, मग अम्मा त्या वेळी हसली का रडली ते विचारलं. हसली, भावना म्हणाली. तो विहिरीच्या कट्ट्यावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मोठ्या माणसाचं रडणं भावनानं पूर्वी पाहिलं होतं, पण इतकं बेआवाज नाही. ती त्याच्याजवळ जाऊ शकत नव्हती, आणि निघूनही जाऊ शकत नव्हती. धुक्यात नुसती उभी राहिली.

"माझ्याशी बोलली नाही ती शेवटी," तो म्हणाला. "तुमच्याशी बोलली."

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. सादिकनं भावनाला बोलावलं नव्हतं. चंद्रहासनं फोन केला म्हणून ती गेली. चंद्रहासनं दार आधी बिजागऱ्यांतून सोडवून बाजूला काढलं, कुणी सांगितलं नसताना. मशीनला काही कामच पडलं नाही. एक धक्का, आणि भिंती आतल्या आत बसल्या, दमलेलं जनावर बसावं तशा. चालकानं "खलास?" असं विचारलं. सादिकनं मान हलवली. विहिरीवर फळ्या टाकल्या.

सादिक भावनाशी त्यानंतर कधी बोलला नाही. रागानं नव्हे, असं धम्मदीपचं म्हणणं. बंदरात दिसला की सलाम करायचा, मिसेस कशा आहेत विचारायचा, आणि उत्तर यायच्या आत पुढे निघून जायचा. चंद्रहास कायमचा कुडाळला गेला. जाताना म्हणाला, आता दुसऱ्याच्या घराक हात लावचो नाय.

पुढच्या वर्षी धम्मदीपला मस्कतमध्ये काम मिळालं आणि ते अल अमेरातला राहायला गेले. नवी कॉलनी, नवी घरं, सगळी सिमेंटची. भावना बौशरच्या एका ऑफिसात लागली. मॉलमधल्या दुकानांचे आराखडे काढायचे. काम बरं होतं. तिथून काही अंतरावर कब्रस्तान होतं. अम्मा त्यातच आहे, हे तिला सादिकच्या बहिणीनं फोनवर सांगितलं होतं.

एका दुपारी ती गाडी बाजूला लावून तिथे गेली. आत गेली नाही; आपण जावं की नाही, हे तिला कळेना. कंबरेएवढ्या भिंतीपाशी उभी राहिली. पलीकडे उघडी, तांबूस जमीन, आणि तिच्यावर ओळीनं उभे केलेले ओबडधोबड दगड. कशावर नाव नाही, चौथरा नाही, शेखचा दगड आणि हमालाचा दगड सारख्याच उंचीचे. मघापासून आत झाडू मारणारा बांगलादेशी माणूस जवळ आला आणि हिंदीत म्हणाला, "किसका देखना है?"

"हाफिजा," भावना म्हणाली. "सलालाहून आलेली. गेल्या वर्षी."

त्यानं ओळींकडे बघितलं, मग हात असा सगळीकडून फिरवला. "मालूम नहीं, मॅडम. यहाँ नाम नहीं रहता."

ती थोडा वेळ थांबली. ऊन डोक्यावर आलं होतं. जवळच्या एका दगडाकडे बघून, तो कुणाचाही असो, तिनं हात जोडले, आणि ऑफिसला परत जायला गाडीकडे वळली.